फक्त सोडायचं

सव्वातीनला स्टार्टिंग गेटने मान टाकली.
परदेशातून आणलेलं यंत्र, हवेच्या दाबावर चालणारं,
तीनदा फुस्स करून गप्प.
मग टाय लावलेले दोन पंच, एक दुभाषी आणि भोसेकर सर
कडेकडेने माझ्यापाशी आले.
मी खराट्याने गुलमोहर झाडत होतो.

बालेवाडीच्या या वाटीत मला एकोणीस वर्षं झाली.
सिमेंटची भेग न् भेग ओळखीची:
दुसऱ्या वळणावरची, मे महिन्यात उघडणारी,
आणि बाणेरच्या अंगाची, कितीही भरा,
भावकीच्या भांडणासारखी परत वर येणारी.
माणूस धरायचं काम मात्र कधी केलं नव्हतं.

पंचाने दुभाष्याला सांगितलं, दुभाष्याने सरांना, सरांनी मला:
"गेनू, मागनं सीट धरायची. शेवटचा बीप झाला की सोडायची.
ढकलायचं नाही हां. बोटभरसुद्धा.
ढकललंस तर पोरगा बाद."

एक किलोमीटर. तीन फेऱ्या. एका वेळी एकच जण.
शर्यत म्हणतात हिला,
पण पुढे कुणाची पाठ नाही, मागे कुणाचा श्वास नाही.
घड्याळ आहे, आणि ते दमत नाही.

पहिला मलेशियाचा. त्याची धडधड
सीटमधून उतरून माझ्या तळहातात आली.
मग कझाकस्तानचा, मांड्या म्हणजे वडाचे बुंधे,
ओठांत काहीतरी पुटपुटत होता.
आईचं नाव असेल, शिवीही असेल.
शब्द कळले नाहीत, थरथर कळली.
न्यूझीलंडवाल्याने वळून माझ्याकडे पाहिलं.
मी मान हलवली, आपली, पुणेरी;
त्याला ती हो वाटली की नाही, देव जाणे.

पोरीला सायकल शिकवली तेव्हा
"धरलंय, धरलंय" ओरडत मागे पळालो होतो,
हात कधीच सुटला होता.
इथे तशी सोय नाही.
पाच, चार, तीन,
साऱ्या मैदानाला ऐकवून सोडायचं.

नववा जुनैद तांबोळी. आपला, खडकीचा.
पहाटे मी दिवे लावायच्या आत ट्रॅकवर हजर असणारा.
बाप दारूगोळा कारखान्यात होता,
भोंग्याच्या आधी पोचण्याएवढाच त्याचा वेग.
समोर बघतच जुनैद म्हणाला,
"काका, आज थोडं ढकला ना."
हसला. मीही हसलो.
हात हसत नव्हता.
कोपरात एक धक्का येऊन बसला होता,
एवढासा, कुणाला दिसलाही नसता.
दोन. एक.
मी मूठ उघडली.
इतकं रिकामं काम
जन्मात केलं नव्हतं.

तो सुटला आणि मी पाठ फिरवली,
कारण दहावा, जर्मन, येऊन उभाच होता
आणि त्याची सीट माझ्या मुठीत यायची होती.
डोळे जर्मनावर, कान जुनैदवर.
बाणेरच्या भेगेवरून चाक गेलं: टक्.
मग लोकांचा आवाज वळणाबरोबर वळला.
टक्. लवकर आला. फारच लवकर.
घंटा झाली.
मग मी वाट पाहिली.
वाट पाहिली.
जर्मन घाम पुसत होता, त्याला काय माहीत.
टक्.

त्यातच सगळं कळलं,
मांड्यांत शिसं ओतलं गेलं ते,
छातीत हवा मावेना ते,
हँडलवर दात रोवावेत असं वाकलेलं त्याचं डोकं.
बोर्डवर आकडे लागले असतील.
भोसेकर सर "अरे रे" म्हणाले,
की "अरे वा"?
बीप सुरू झाले होते.

रात्री घरी चहाचा कप बशीवर वाजत राहिला.
उजवा हात.
बायकोने विचारलं, "जिंकलं कोण?"
म्हटलं, "पाहिलं नाही. पुढचा धरून होतो."

उद्या सकाळी ती भेग भरायची, सरांनी बजावलंय.
डबा, थापी काढून ठेवलीय दारात.
पण भरली, तर मग
मला ऐकू कसं यायचं?