बुकमूल्य एक रुपया

विषय: टेलिफोन एक्स्चेंज बदलणे.
संदर्भ: मुंबईचं पत्र, तारीख सोळा.
पणजीला पोचलं एकवीसला,
कारण फॅक्स बंद होता
आणि फॅक्स दुरुस्तीची मंजुरी
फॅक्सनेच यायची होती.

माझं अक्षर बरं आहे, म्हणून
मध्यवर्ती बँकेच्या या शाखेतल्या
सगळ्या अवघड टिपण्या माझ्याकडे येतात.
'विद्यमान यंत्रणा सन शहाण्णवची.
सुटे भाग मिळत नाहीत.
खाऱ्या हवेने कार्डांवर हिरवा गंज.
ऑपरेटरचे पद यापुढे अनावश्यक.'
सगळं खरं होतं.
खरं लिहिताना हात थरथरत नाही, एवढंच.

निविदा तीन आल्या.
फोंड्याची बाद, अनामतीचा डीडी जोडला नव्हता.
म्हापशाचा माणूस पाकिटं फोडताना हजर राहिला
आणि चार हजार दोनशे रुपयांनी हरला.
वेर्ण्याच्या कंपनीला काम.
सह्या झाल्या, चहा आला,
बिस्किटं मऊ पडली होती.

मग मोजणी.
यादीत फोन एकशे बारा,
मला सापडले एकशे तेरा.
जादाचा होता नोटा तपासणीच्या जिन्याखाली,
नाणी तोलायच्या मोडक्या काट्यामागे.
काळा, जड, कानाशी धरायचा भाग
कुणाच्या तरी हाताने झिजलेला.
उचलला. डायलटोन.
आणि डायलटोनच्या आतून
रत्नप्रभा वळवईकर:
"हळर्णकर, जिन्याखाली काय करताय?"

मी काही बोललोही नव्हतो.
तिला दिसत नाही, पण श्वास ओळखता येतो,
गव्हर्नर कचेरीतले सुद्धा,
कोण पायऱ्या चढून आला, कोण रागावून.

"तो बाबलोचा फोन," ती म्हणाली,
"रायबंदरचा. फेरीवरून यायचा कामाला.
रोज जेवणाच्या सुट्टीत मला एवढंच सांगायचा,
भरती लागली, किंवा ओहोटी.
इथे एसीत बसून
मला कसं कळणार नदी कुठवर आली?
निवृत्त झाला. लाइन मी ठेवली.
यादीत घालू नका."

मी एकशे बारा लिहिले.
दोनावर शाई थोडी पसरली आहे,
बारकाईने पाहणाऱ्याला दिसेल.

शुक्रवारी साडेपाचला जुनं एक्स्चेंज बंद केलं.
तेव्हा कळलं की इतकी वर्षं
त्या खोलीत काहीतरी गुणगुणत होतं.
भंगार: नग एक, बुकमूल्य एक रुपया.
एकशे बारा फोन पोत्यांत गेले.
एकशे तेरावा विकता येईना,
जे नाहीच ते कसं विकणार.

रत्नप्रभाला आवक विभागात टेबल दिलं,
टेबलावर नवा फोन:
काचेचा, सपाट, बटण नावाला नाही.
ती त्यावरून बोटं फिरवत राहिली,
भिंतीवर दार शोधावं तशी.
वेर्ण्याचा मुलगा म्हणाला, बोलणारं सॉफ्टवेअर आहे ना,
पण परवाना दुसऱ्या टप्प्यात.
दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव मीच लिहिला.
आज तिसरं स्मरणपत्र गेलं,
ईमेलने, अर्ध्या सेकंदात.
उत्तराला लागणारा वेळ
अजून जुन्या यंत्रणेवर आहे.

मधल्या काळात कॅश विभागातली मिलाग्रीन
पर्स उघडून आली.
काचेवर, पाचाच्या अगदी वर,
नेलपॉलिशचा एक थेंब ठेवला
आणि वाळेपर्यंत फुंकर मारत उभी राहिली.
पाच सापडला की
बाकीचे आकडे शेजारीच राहतात.

काल कंपनीचा तपासनीस आला.
त्याने काच नखाने खरवडून पाहिली,
वॉरंटीचं कलम वाचून दाखवलं
आणि दोष-नोंदवही माझ्यापुढे सरकवली.
'आवक विभाग. स्क्रीनवर लाल ठिपका.
उंची अंदाजे अर्धा मिलिमीटर.
कारण: अज्ञात,' मी लिहिलं.
अक्षर छान आलं.