चौदा नंबर

दर बुधवारी जुना साचा काढते, नवा चढवते.
काचेसारखा दिसतो, पण काच नाही.
पेल्यातल्या पाण्यात टाकला तर हरवतो,
तोंडात घातला तर दिवसभर
त्याच्याशिवाय दुसरं काही सुचत नाही.
आज चौदा नंबर.
एकूण अठ्ठावीस.

तेनेरिफेच्या डॉक्टरनं पडद्यावर दाखवलं होतं:
माझेच दात, निळसर हिरड्यांसकट,
उशिरा आलेली पोरं गुपचूप रांगेत शिरावीत
तसे एकेक सरकत गेले.
"दिवसाचे बावीस तास," तो म्हणाला.
"उरलेले दोन कोणाचे?"
"तुमचे. जेवा, दात घासा."
शीळ घालायची का, हे विचारायचं राहिलं.
पाचची बोट गाठायची होती.

आमच्या ला गोमेरात दऱ्या अशा
की समोरच्या अंगणातलं वाळत घातलेलं धुणं मोजता येतं,
आणि तिथं पोचायला अर्धा दिवस जातो.
म्हणून इथं शिळेनं बोलतात.
गाणं नव्हे. साधी वाक्यं.
शेळी सापडली.
येताना पाव आण.
एलादियो गेला, उद्या दहाला पुरतील.
आता शाळेत शिकवतात, मार्कही देतात.
मला बाबांनी शिकवलं,
माझं बोट माझ्याच तोंडात वाकवून धरून.
वरचा उजवा सुळा तेव्हाच आडवा आला होता,
वारा त्याच्यावर आपटायचा आणि फाटायचा.
"तुझ्या शिळेला शेपूट आहे," बाबा म्हणायचे.

एकोणपन्नासाव्या वर्षी कशाला ही थेरं, बहीण म्हणाली.
काय सांगू, एदुविहिस?
माझ्या लग्नाच्या फोटोत माझा हात तोंडावर.
तुझ्या पोराच्या बाप्तिस्म्यात, हात तोंडावर.
पासपोर्टात ओठ शिवल्यासारखे.
एकदा दोन्ही हात खाली सोडून हसायचं होतं.
एवढंच.

नऊ नंबर चानोच्या बारमध्ये कागदी रुमालात गुंडाळला
आणि रुमाल गेला कचऱ्यात.
आम्ही दोघं कोळंबीच्या सालींत कोपरापर्यंत.
सापडला तेव्हा चानो म्हणाला,
"हसतोय बघ."

काल, माझ्या दोन तासांतल्या एका तासात,
डबी दगडावर ठेवून कड्यापाशी उभी राहिले.
पलीकडे बाबा. वय चौऱ्याऐंशी.
मोबाइल पिठाच्या डब्यात ठेवतात, हरवू नये म्हणून.
मी शीळ घातली:
उद्या डॉक्टर. दहाला तयार राहा.
दरीनं ती नेली. गुळगुळीत.
मलाच ऐकताना कुणी परकी बाई बोलतेय असं वाटलं.

बऱ्याच वेळानं पलीकडून:
कोण?

युरेना, मी म्हटलं.

नाही. तिच्या शिळेला शेपूट आहे.

बोट आणखी आत घातलं, जीभ तिरपी केली,
नसलेल्या सुळ्याला शोधत राहिले.
शेपूट काही आलं नाही.
मग पुन्हा त्यांची शीळ, बँकेतल्या माणसासारखी संशयी:
तुझी पहिली शेळी. तिचं नाव?

कानेला, मी फुंकलं. दालचिनी.
डावा कान फाटका. तुम्हीच विकलीत.

दरी गप्प.
खालच्या केळीच्या बागेत कुणीतरी मोटार बंद केली;
त्यालाही ऐकायचं असावं.
मग:
बरं. दहाला.
आणि थोड्या वेळानं:
सर्दीवर काही घे.

रात्री खणातून एक नंबर काढला.
जपून ठेवलाय, का ते माहीत नाही.
दिव्यासमोर धरला.
आडव्या सुळ्याचा कोनाडा अजून तिथं आहे,
रिकामा, आरपार.
बसवून पाहिला. बसेना.
ओठांशी धरून फुंकर मारली.
आवाज नाही.
नुसती वाफ धरली आतून,
ती ओसरेपर्यंत थांबले.

मग पेल्यातून चौदा नंबर चाचपून काढला
आणि दाबला.
टक्.