मिठाची पेटी

नाशकात समुद्र नाही.
अंबडच्या आमच्या शेडमध्ये तो एका पेटीत ठेवलाय.
पाच टक्के मीठ, पस्तीस अंश,
काचेवर आतून कायम धुकं,
आणि वीस-वीस दिवस तिरके उभे असलेले पत्रे.

आत ठेवण्याआधी मी प्रत्येकावर फुली मारते.
भट्टीतून नुकतंच आलेलं
सत्तर मायक्रॉनचं गुळगुळीत पांघरूण,
आणि माझं ब्लेड थेट धातूपर्यंत.
पहिल्या महिन्यात हात थरथरायचा.
गांगुर्डेमामा म्हणायचे,
"न दुखावलेला रंग काय, कुणाचाही टिकतो, पोरी.
फुलीतून गंज किती आत सरकला, ते मोज."

दुसरी परीक्षा सोपी:
सहा रेघा उभ्या, सहा आडव्या, पंचवीस चौकोन,
वर चिकटपट्टी घासून बसवायची
नि एका झटक्यात ओढायची.
पट्टी कोरी निघाली की रजिस्टरात शून्य.
आमच्याकडे शून्य म्हणजे पहिला नंबर.
हे घरी सांगितलं, तर लेक म्हणाली,
मला तुझ्याच शाळेत घाल.

मामांचा यंत्रावर राग नव्हता.
पण आधी अंगठा फिरवायचे,
रंगाआधी नागड्या पत्र्यावर, रंगानंतर कडेवर,
मग मायक्रॉनच्या काट्याला विचारायचे,
"तुझं काय म्हणणं?"
मार्चमध्ये निवृत्त झाले, ओझरला गेले.

काल अकराव्या दिवशी पेटी उघडली.
सतरा नंबरची फुली स्वच्छ.
पण खालच्या कोपऱ्यात बारीक फोड आलेले,
वळणावळणाने, एकात एक,
जशी पाण्यात खडा टाकल्यावर वर्तुळं.
भिंगाखाली धरला
आणि भिंग ठेवून खुर्चीत बसले.
घामातलंही मीठच ते.
रंगाखाली चार महिने गप्प बसलं होतं,
पेटीतल्या समुद्राने हाक मारली तसं वर आलं.

घोटेकर साहेबांनी विचारलं, "कुणाचा हात?"
मी लिहिलं : हाताळणीचा डाग.

संध्याकाळी त्र्यंबक नाक्यावरून फोन लावला.
"मामा, तुमचा अंगठा सापडला."
पलीकडे कुकरची शिट्टी, मग कितीतरी वेळ काही नाही.
"फोड केवढे?"
"टाचणीच्या डोक्याएवढे. दाट आहेत."
"मग नापास कर की. मला काय विचारतेस?"

केलाच होता.
पत्रा मात्र अजून भंगारात टाकलेला नाही,
माझ्या टेबलावर आहे,
हातमोज्यांच्या खोक्याला टेकून.