पळून, पळवून

खानापूरच्या कोर्टात मला शाळेचा पट घेऊन बोलावलं.
लाल फडक्यात बांधून नेला, पोथी न्यावी तसा.
पिंजऱ्यात सिद्राय, कौलांच्या भट्टीवरचा,
नखांत अजून तांबडी माती.
ती खाली, बाकावर, आईला खेटून.
तिचं नाव लिहीत नाही.
सातवीला माझ्या वर्गात होती, एवढं पुरे.

सरकारी वकील म्हणाले, पळवून नेली.
ती म्हणाली होती, मीच गेल्ते की, पळून.
मधे एक व.
तो फळ्यावर मीच शिकवलेला.
पळणे, पळवणे. रडणे, रडवणे.
प्रयोजक क्रियापद, मुलांनो.
क्रिया एकाची, करवणारा दुसरा.
तेव्हा तिनं हात वर केला होता:
गुरुजी, कुणीच करवलं नाही तर?
मी म्हणालो होतो, बस खाली.

टाइपरायटरवर हिरेमठ बाई.
थांबल्या, मान वर केली, ‘नाने होदे’ लिहू?
वकिलांनी हात हलवला,
आणि कागदावर उमटलं, ‘करकोंडु होदा’.
मला वाचता येतं तेवढं.
अपहरण मात्र कानडीतही अपहरणच.
पाट्यांवरून डोकी फोडणारे आम्ही
या शब्दापाशी कधी भांडलो नाही.

साहेब भला माणूस, सावकाश समजावत होता.
अठरा पुरी नसतील तर मुलीचं हो हे हो नव्हे.
नेली असेल, नाहीतर फूस लावली असेल,
दोन्ही एकाच कलमात, सात वर्षांपर्यंत, वर दंड.
आणि गुन्हा घडतो तो कायदेशीर पालकाच्या ताब्यातून.
ताब्यातून.
सातबाऱ्यावरचा शब्द वाटला मला, शेताचा.

पालक पुढच्या रांगेत बसला होता.
दर एक नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून
सायकल फेरीत सगळ्यांत पुढे असतो,
आमाला न विचारता नेलं आमाला, म्हणत.
त्याच्याकडे मी बघितलं नाही.

जन्मतारीख?
एक जून.
नोंद कुणाची?
अक्षर माझं.
बरोबर आहे?

शाळेच्या पायरीवर तिची आई, कडेवर धाकटा,
सांगत होती, पौषात झाली, गुरुजी,
पुनवेच्या तिसऱ्या दिवशी, लई थंडी होती.
पौष काही रकान्यात मावत नव्हता.
दारात रांग होती, पेन गळत होतं,
शाळा उघडण्याची तारीख लिहून मोकळा झालो.

लोंढ्याच्या फलाटावर दोघं सापडली ती होळीनंतर,
मडगावच्या गाडीची वाट बघताना,
हातात भडंगाची पुडी.
आईच्या थंडीनं मोजलं तर
अठरा सरून दोन महिने झालेले.
माझ्या शाईनं मोजलं तर अजून तीन बाकी.

बरोबर आहे का, साहेबांनी पुन्हा विचारलं.
अक्षर माझं आहे, मी पुन्हा म्हणालो.
बाईंनी तेवढंच टाइप केलं.
बाकावरची आई अर्धवट उठली होती.
तिचं नाव साक्षीदारांत नव्हतं.
शिपाई म्हणाला, कूडरी, अम्मा.

घरी येऊन पट सोडला.
त्या वर्षी पहिलीत एकतीस मुलं.
एकोणतीस जण एक जूनला जन्मलेली.
उरलेल्या दोघांचे बाप
तलाठी आणि पोस्टमास्तर.