बारा ते तीन

मे महिना. सेहेचाळीस पॉइंट दोन.
बर्डीवरचं डांबर चपलेला सोडत नव्हतं,
आणि मी शर्ट खोचून उभा
तिकीटखिडकीच्या हातभर सावलीत.
बाल्कनीची दोन तिकिटं घामानं मऊ.

कुमुद पौनीकरला मी सांगितलं होतं
की मी विजेच्या खात्यात आहे.
तसं फार खोटं नव्हतं ते.
वीज होती. खातंही होतं,
इतवारीतल्या वाइंडिंगच्या दुकानात, उधारीचं.
मी कूलर दुरुस्त करायचो.
जुनं गवत उपसायचं, नवा वाळा ठोकायचा,
पंप सुरू झाला की आतून कोणीतरी ओरडायचं,
"आली, आली हवा!"
आणि मी बाहेर, पत्र्यावर, उन्हात.

ती आली. म्हणाली,
"मी नाही जी बघत पिच्चर फारसे.
हा तर पहिल्यांदाच."
मग अंधारात माझ्या पुढं चालत गेली.
"तिथं नका बसू, स्प्रिंग टोचते."
मी म्हटलं, पोरगी हुशार आहे.

पडद्यावर एक ड्रायव्हर
मालकाचा कोट घालून मालक झाला होता,
आणि बंगल्याची मालकीण, का कोण जाणे,
स्वतःच्याच घरी मोलकरीण.
दोघं एकमेकांना थापा मारत होते
आणि पब्लिक शिट्ट्या.

कुमुद हसायची.
पण सगळ्यांच्या आधी. अर्धा सेकंद.
विनोद अजून नटाच्या तोंडात
आणि हिचा रुमाल ओठावर.

मग म्हाताऱ्या चौकीदारानं
भर पार्टीत ड्रायव्हरला नावानं हाक मारली.
सगळं थिएटर लोळलं.
मी ग्रीसनं काळी झालेली नखं
मांडीखाली दाबून बसलो.
'मध्यंतर' ही पाटी त्याच्या तोंडावरच पडली.

"काहून हसून नाही राहिले तुम्ही?"
समोसा मोडत तिनं विचारलं.
मी काही बोलणार, तर तीच म्हणाली,
"माझी ही चौथी खेप.
जो पाहायला येते त्याला इथंच आणते.
बँकेतला होता, तो या सीनला
खुर्ची बडवून हसला.
कामठीचा झोपला.
तिसरा मोलकरणीबद्दल जे बोलला, ते जाऊ द्या."
मग हात लांब करून
माझ्या कॉलरमधून वाळ्याची काडी काढली,
नाकाशी नेली.
"विजेच्या खात्यात असं उगवते का जी?"

उत्तर मला आजही सुचलेलं नाही.
तेवढ्यात बाल्कनीतला मोठा कूलर
खडखडून बंद पडला.
लोक बोंबलले. डोअरकीपर बॅटरी घेऊन धावला.
कुमुद माझ्याकडे बघत होती.
"बेअरिंग गेलं," मी म्हटलं.
"मग बसले काहून?"

उरलेला पिच्चर मी पत्र्याच्या पेटीत डोकं घालून
पाठीनं ऐकला.
हवा सुरू झाली तेव्हा पडद्यावर
आभारांची नावं सरकत होती,
आणि पहिल्यांदाच "आली, आली" ओरडणारं माणूस
मला दिसलं. साडी निळी होती.

आता तिथं मोबाइलची दुकानं आहेत.
शेवट मी कधी पाहिला नाही.
कुमुदला विचारतो, ती दरवेळी वेगळा सांगते.
एकदा दोघं काश्मीरला गेले. एकदा ती एकटीच गेली.
काल रात्री, डाळीला फोडणी देता देता,
"तो ड्रायव्हरच राहिला, अन् तिनं चालवायला शिकली."

खोटं, मी म्हटलं.
म्हणजे, म्हणणार होतो.
ती आधीच हसली.