केसपेपर

मच्छ्याच्या दवाखान्यातली कुठली फरशी हलते
ते मला ठाऊक आहे.
तीन बाळंतपणं, आईचा मोतीबिंदू, धाकटीचे सगळे डोस.
मी बाहेर, करंजाखाली,
गाडीच्या सीटवर एक पाय टाकून.

भिंतीवरचं कन्नड वाचता येत नाही,
चित्रं कळतात:
पोटुशी बाई, पाजणारी बाई, बाळ, बाळ, डास.
डाससुद्धा मादीच,
असं चौथीतली धाकटी म्हणाली.

आशाताई दर महिन्याला दारात येते,
वहीत बोट फिरवते,
"भरमाणी, वहिनीला हाक मार."

उद्यमबागेत भोंगा आठला,
दवाखान्याचं दार नऊला.
मी सुटतो तेव्हा दाराला कुलूप.
अर्धा दिवस मागितला तर फोरमन
सगळ्यांच्या देखत विचारणार,
"काय गा, दिवस गेलेत काय?"

त्या मंगळवारी रस ओतताना
लाडल हिंदकळली,
एक थेंब माझ्या बुटात गेला.
मी ओतत राहिलो.
साचा काठोकाठ भरला तेव्हा इराप्पा किंचाळला,
"बूट काढ, धूर येऊलालाय!"
मग मी खाली बघितलं.

"हूं नाही की चूं नाही," फोरमन म्हणाला,
"गडी असावा तर असा."
मला दोन चहा पाजले.

रात्री मोज्याला भोक, पायाला भोक,
आणि दुखत नव्हतं.
दुखत नव्हतं म्हणून मला बरंच वाटलं.
नर्मदानं हळद भरली, बोलली नाही.
न्हाणीतल्या मुंग्या ती
दोन महिने बघत होती.

गुरुवारी म्हणाली, चक्कर येतीय, चल.
मी गाडी काढली.
लसीचा दिवस. बाकांवर बायका, मांड्यांवर पोरं.
तिनं मला खिडकीशी उभं केलं
आणि स्वतः जाऊन बाकावर बसली.

हुक्केरी सिस्टरनं मान वर न करता विचारलं,
"हेसरु?"
तेवढं येतं मला.
सांगितलं, नर्मदा भरमाणी काकतकर.
तिनं लिहिलं.
वय? छत्तीस.
"एन त्रास?"

एन तिचा. त्रास दोघांचाही.
मी तोंड उघडलं
आणि आत काही सापडेना.

मागून नर्मदा म्हणाली,
"मला काय झालं नाही."

बायका हसल्या. एक पोर रडायचं थांबलं.
सिस्टरनं नावावर रेघ मारली,
कागद सरकारी, फाडला नाही,
वरच्या चिंचोळ्या जागेत
मला न वाचता येणाऱ्या गोल अक्षरांत
मला लिहिलं.
बोट पुढे कर, म्हणाली.

सुई कळली.
एवढीशी, पण हात मागे आला.

मशिनवर आकडा उमटला.
सिस्टरनं पहिल्यांदा वर बघितलं,
आधी माझ्याकडे, मग पायाकडे,
आणि बाकाकडे बोट केलं.

एका बाईनं पोर मांडीवर ओढलं,
सरकली.