सात घरची कुंची

बाबांच्या दुकानात चिंध्यांची तीन पोती आहेत,
टेरिकॉटच्या, पॉपलिनच्या, झेडपी शाळेच्या आकाशी शर्टांच्या.
तरी आज सकाळी पिशवी घेऊन
ते गावात चिंधी मागायला निघाले.

"टेलरच्या घरी कापडाचा दुष्काळ पडला का जी?"
आईनं चुलीपासूनच विचारलं.
बाबा चपला शोधत होते.
"घरचं नाही चालत," एवढंच बोलले.

घरचं चालत नाही.
बाबांच्या आधीची दोघं गेली, पाचवी पुजायच्या आत.
म्हणून तिसऱ्याला उकिरड्यावर ठेवलं,
रंगाऱ्याच्या सलमाबीनं सुपात उचलून परत आणलं,
नाव पडलं उकंडा.
आणि सात घरच्या जुन्या कापडाची कुंची शिवली,
की विचारायला येणाऱ्याला वाटावं
हे पोर कोणा एकाचं नाहीच.
विचारायला कोण येतं, ते कोणी सांगत नसे.

त्याच कुंचीत मग पंचफुला आत्या,
मी, माझा भाऊ, आत्याची जुळी,
जुळ्यांना पाळीपाळीनं.
शेंडीचा गोंडा कोणीतरी चघळून संपवला,
मीच असेन, असं सगळे म्हणतात.

सातव्यात माहेरी आले,
तेव्हा पत्र्याच्या पेटीतून ती काढली, झटकली,
आणि ओंजळीत रंगीत भुगा.

दुपारी बाबा परतले. टाके घालायच्या आधी
एकेक तुकडा खाटेवर मांडला.
ढोण्यांच्या सुनेनं कोरा ब्लाऊजपीस पुढे केला होता.
"नवं नको माय, वापरातलं दे."
ती हसली, मग आत जाऊन उशीचा अभ्रा फाडला.
बँकेतल्या पोरानं जीन्सची मांडी दिली,
सुई मोडेल, पण बाबा बोलले नाहीत.
किसना बँडवाल्याची लाल मखमल, काखेतली,
वर घामाचा पांढरा नकाशा.
मडावींकडून लुगड्याचा काठ.
चव्हाणांकडून शाळेचा शर्ट,
उलटा केला तर टिपेच्या शेवटी दुहेरी गाठ.
ती गाठ या गावात एकच माणूस मारतो.
बाबांनी ती उसवली नाही.

सहाव्या घराला कुलूप, माणसं पुण्याला.
अंगणातल्या तारेवर वर्षभर वाळणारा एक टॉवेल.
बाबांनी कुलपाला विचारलं
आणि त्याचा कोपरा कापला.

सातवं सलमाबीचं.
सलमाबी नाही. घर रुंदीकरणात गेलं,
तिच्या रंगाच्या हौदावरून आता एसटी वळते.

मशीन उघडी आहे, तेलपाणी केलेली,
तरी बाबा हातानंच शिवतात.
जन्मभर घाईचं शिवलं,
पंधरा ऑगस्टच्या आत एकशेचाळीस हाफपँटी.
आता एक गहूटाका पुरा होईपर्यंत
बाजूचा चहा निवतो.
भरतकाम त्यांना कधी आलं नाही.
कपाळावर पोपट काढायला घेतला, त्याची कोंबडी झाली.
"कोंबडीच बरी," आई म्हणाली, "अंडे तं देईन."
अंगुस्तान खाटेवर आपटून बाबा हसले,
मग चोच तेवढी उसवून पुन्हा भरली.
अजूनही कोंबडीच आहे.

सलमाबीचा हिरवा तुकडा मात्र जुनाच लावला.
बोट लागलं की विरतो,
म्हणून त्याच्यावर धावदोरा,
ओळीला लागून ओळ, उभी, मग आडवी.
बाबांना नेढं दिसत नाही,
सुई मी ओवून देते,
पोटावर डबी ठेवून; डबी मधूनच उडते.

काल दारातल्या उन्हात कुंची धरली.
हिरव्याच्या जागी कापड उरलेलंच नाही,
नुसते टाके
एकमेकांना धरून आहेत.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, बघितलं,
रिकामं रीळ खिशात टाकलं.
"हिरवा सरला," म्हणाले.
"दारव्ह्याले कोण चाल्लं उद्या?"